घाट उतरवणारं इंजिन

पिंगुळीहून चिरे भरून निघालेल्या ट्रकला देशावर जायचं तर सह्याद्री चढावाच लागतो. कणकवलीकडून गेलं तर फोंडा किंवा करूळ, सावंतवाडीकडून गेलं तर आंबोली. चढणीत कस लागतो इंजिनाचा, पण ट्रकवाल्याला धास्ती असते परतीच्या उताराची. 16 टनांची भरलेली गाडी 600 मीटर खाली आली, तर मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेत सुमारे 300 लिटर पाणी उकळेल. एवढी उष्णता एकट्या ब्रेकच्या लायनर आणि ड्रमवर सोडली तर लायनर तापतात, त्यांची पकड सुटते आणि पॅडल तळाला टेकलं तरी गाडी थांबत नाही. म्हणून जुना नियम असा: ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. इंजिनच गाडीला धरून ठेवतं.

मात्र डिझेल इंजिन याबाबतीत जरा कच्चं. पेट्रोल इंजिनात पाय उचलला की हवेची वाट बंद होते, पिस्टनला पोकळीविरुद्ध ओढावं लागतं आणि गाडी अडते. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्ये यशस्वी ठरलं ते वेगळ्या तत्त्वावर: हवा मोकळी आत येऊ द्यायची, ताकद कमीजास्त करायची ती फक्त इंधनाने. पाय उचलला की इंधन थांबतं, पण हवा बिनअडथळा येत-जात राहते. आत दाबली गेलेली हवा पिस्टनला परत ढकलून घेतलेली ताकद बरीचशी फेडूनही टाकते.

1931 मध्ये अमेरिकी इंजिन-उत्पादक क्लेसी कमिन्स आपल्या डिझेल इंजिनाचा ट्रक घेऊन न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघाले. कॅलिफोर्नियातला काहोन पास उतरताना ब्रेक निकामी झाले, आणि समोरच्या रेल्वे फाटकातून मालगाडी चाललेली. थोडक्यात जीव वाचला. पुढे निवृत्तीनंतर त्यांनी यावर तोड काढली: दाबलेली हवा पिस्टनला ढकलण्याआधीच झडप उघडून सोडून द्यायची. हा ब्रेक 1961 मध्ये जेकब्स कंपनीने बाजारात आणला. दुसऱ्याच वर्षी पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली आणि क्लेसींच्या घराण्यातली इंजिनं कोथरूडमध्ये तयार होऊ लागली.

एक्झॉस्ट ब्रेक ही जेकब्स ब्रेकची साधी, स्वस्त भावकी. धूर बाहेर जाण्याच्या नळीत एक पाकळी बसवायची आणि हवेच्या दाबाने ती मिटायची. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद केलं की दांडा जसा जड होतो, तसा प्रत्येक पिस्टन जड होतो. आल्प्सच्या उतारांमुळे युरोपात असे ब्रेक लवकर रुळले. जर्मनीत तर जड गाड्यांसाठी असा तिसरा ब्रेक कायद्यानेच सक्तीचा आहे. 7 टक्के उतारावर 6 किलोमीटर, ताशी 30 च्या वेगाने, गाडी त्याने पेलली पाहिजे.

या ब्रेकची अट एकच: इंजिन आणि चाक जोडलेलं हवं. क्लच दाबला की सगळं फुकट, उलट रोधलेलं इंजिन बंदच पडायचं. म्हणून क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडताच पाकळी उघडेल अशी सोय त्यात असते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने नेमकी हीच जोडणी सैल केली. तिच्यातला टॉर्क कन्व्हर्टर हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने 1905 मध्ये पेटंट केला, तोही जहाजांसाठी. इंजिन एका पंख्याने तेल फिरवतं आणि तेल दुसरा पंखा फिरवतं. उतारावर उलट चाकांनाच इंजिन फिरवायचं असतं. तेव्हा तेल घसरतं, तापतं आणि अडवण्याची ताकद वाटेतच विरते. त्यात भर म्हणजे पाय उचलला की गिअरबॉक्स वरचा गिअर टाकते. म्हणजे घाटात नको तेच.

उपाय लॉक-अप क्लचचा: दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट बांधायचे. पॅकार्डने 1949 मध्ये तो मोटारीत आणला, पण इंजिन आणि चाक यांच्यामधली घसरण थांबवण्यासाठी. ट्रकमध्ये तोच ब्रेकच्या कामी आला. 2007 च्या सुमारास डॉज रॅम पिकअपच्या 6.7 लिटर कमिन्स इंजिनात टर्बोमधलीच धुराची वाट आवळून एक्झॉस्ट ब्रेक मिळू लागला. ओझं ओढण्याचा मोड लावला की गिअरबॉक्सही खालचा गिअर धरून ठेवू लागली.

आपल्याकडच्या ऑटोमॅटिक ट्रकांनी बहुतेक एएमटीची वाट धरली. क्लच आणि गिअर नेहमीचेच, फक्त ते दाबायला-बदलायला यंत्र. मधे तेल नाही, त्यामुळे ब्रेक थेट चाकापर्यंत पोचतो. फक्त गिअर बदलताना क्लच सुटतो आणि तेवढा क्षण गाडी मोकळी धावते. भर उतारात तो क्षण महाग पडू शकतो. साध्या यंत्राला उतार कळतो तो चाकं उतारावर आल्यावर. करूळची वळणं पाठ असलेल्या ड्रायव्हरला तो आधीच ठाऊक असतो. म्हणून गाडी ऑटोमॅटिक असली तरी घाटमाथ्यावरच मॅन्युअलवर घ्यावी, खालचा गिअर टाकावा आणि मगच एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबावं.