काट्याला न दिसणारी चरबी

द्वारका परिसरातल्या अनेक घरांत अलीकडे एक नवी वस्तू दिसते. न्हाणीघराच्या दाराशी ठेवलेला काचेचा वजनकाटा. अनवाणी उभे राहिले की तो आधी किलो सांगतो आणि क्षणभराने अंगात चरबी किती टक्के आहे, तेही सांगतो. पूर्वी रेल्वे स्टेशनवरच्या काट्यात नाणे टाकले की वजनाच्या तिकिटावर भविष्य छापून येई. हा नवा काटाही एका अर्थाने भविष्यच सांगतो. मात्र ते कसे वाचायचे, हे कळले पाहिजे.

माझे थोरले भाऊ अंगाने काटकुळे. वजन कधी साठ किलोच्या वर गेले नाही. त्यांना मधुमेह निघाला तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण विचारी, ''भाईंना? इतक्या बारीक माणसाला?'' मी साध्या बी.ए.चा माणूस, कविता लिहिणारा. पण त्या प्रश्नाने मला वाचायला बसवले.

वजनावरून माणसाची जाडी ठरवण्याचे गणित जुने आहे. बेल्जियमच्या केतले या गणितज्ञाने 1832 साली वजन आणि उंचीच्या वर्गाचे नाते मांडले. 1972 साली अमेरिकेचे अँसेल कीज यांनी त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. आज प्रत्येक दवाखान्यात तेच 'बीएमआय' वापरतात. पण किलो म्हणजे चरबी नव्हे. अमेरिकी नौदलाचे डॉक्टर अल्बर्ट बेंके यांनी 1942 साली फुटबॉल खेळाडूंना पाण्याखाली तोलले. वजनाच्या तक्त्यानुसार त्यांतले बरेच जण लष्करासाठी अपात्र ठरत होते. प्रत्यक्षात ते वजन स्नायूंचे होते. आपल्या तालमीतल्या पैलवानाचेही तसेच.

याची उलटी बाजू दाखवली ती पुण्याने. आमच्या द्वारका चौकातून जो रस्ता पुण्याला जातो, त्याच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात, केईएम रुग्णालयात, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे स्नायूंनी फार कमी होती, पण चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किरकोळ, आतून चरबीदार.

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी शेजारी छायाचित्र आले. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. क्ष-किरणांच्या तपासणीत युडकिन यांची चरबी 9.1 टक्के निघाली, याज्ञिक यांची 21.2. युडकिन मॅरेथॉन धावणारे. आपली धाव रुग्णालयाच्या लिफ्टचे दार गाठण्यापुरती, असे याज्ञिकांनी गमतीने सांगितले. भाईंच्या आजाराचा अर्थ मला या एका छायाचित्रात सापडला.

मग घरचा काटा ही चरबी कशी ओळखतो? जपानच्या तानिता कंपनीने 1992 साली असा काटा बाजारात आणला. एका तळपायातून न जाणवणारी वीज शिरते आणि दुसऱ्यातून बाहेर पडते. स्नायूंत पाणी भरपूर, म्हणून तिथून ती सहज जाते. चरबी तिला अडवते. त्या अडथळ्यावरून, वजन, उंची, वय आणि स्त्री की पुरुष हे धरून काटा हिशोब मांडतो. म्हणजे तो चरबी मोजत नाही, अंदाज करतो. तो अंदाजही ज्या लोकांवरून सूत्र बांधले, त्यांच्या अंगकाठीचा. शिवाय वीज बहुतेक पायांतूनच फिरते. आपल्याला ज्याची खरी चिंता, त्या पोटाचा आकडा तर्कानेच येतो.

पाणी कमी झाले की हिशोब बिघडतो. रोजा सोडण्याआधी किंवा निर्जळी एकादशीच्या संध्याकाळी काट्यावर उभे राहा. वजन घटलेले आणि चरबी वाढलेली दिसेल. खरे तर अंगातले पाणी तेवढे उतरलेले असते. म्हणून सकाळी, उपाशीपोटी, रोज एकाच वेळी मोजावे आणि आजचा आकडा न पाहता महिन्याचा कल पाहावा. पेसमेकर बसवलेल्यांनी मात्र या काट्यावर पाय ठेवू नये.

आणि काटा नसला तरी बिघडत नाही. शिंप्याकडची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, ती पोटाभोवती धरा. भारतीय पुरुषाला 90 आणि स्त्रीला 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. ती ओलांडली असेल, तर अंग कितीही सडपातळ दिसो, रक्तातली साखर तपासून घ्या. 'आमच्या घरात कुणी जाड नाही' या समाधानावर पुण्याच्या त्या खेड्यांतल्या बाळांनी केव्हाच प्रश्नचिन्ह लावले आहे.