रस्ता १८३०चा, नगरपालिका १८७७ची, मग उचकटलेला ब्लॉक कुणाचा?

लोणावळ्यात फूटपाथचा ब्लॉक उचकटला, कुणी म्हातारं माणूस ठेचकाळून पडलं, की "दुरुस्ती कधी?" हा प्रश्न नंतर येतो. आधी विचारलं जातं, "हा रस्ता कुणाकडे?" मंडळी, ही टोलवाटोलवी आजची नाही.

बोरघाटाचा गाडीरस्ता गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, १८३० मध्ये खुला झाला. लोणावळ्याची नगरपालिका आली १८७७ मध्ये, म्हणजे ४७ वर्षांनी. गावातून जाणारा जुना मुंबई-पुणे महामार्ग आजही नगरपरिषदेचा नाही, रस्ते विकास महामंडळाकडे आहे. आतल्या गल्ल्या नगरपरिषदेच्या. पाय मुरगळतो तो मात्र एकाच माणसाचा!

कायदा काय म्हणतो? १९६५च्या नगरपरिषद अधिनियमात, कलम ४९ मध्ये, सार्वजनिक रस्ते बांधणं आणि सांभाळणं हे कर्तव्यच सांगितलंय. पण त्यासाठी "वाजवी तरतूद" करावी, असे शब्द आहेत. ही "वाजवी" किती, हे ठरवणार कोण? वर्षानुवर्षं पालिकांनी याच शब्दाच्या आडोशाला उभं राहून "निधी नाही" म्हटलं.

त्या सबबीला पहिला दणका बसला मध्य प्रदेशातल्या रतलाममध्ये. तुंबलेल्या गटारांना आणि घाणीला वैतागलेले लोक फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्याकडे गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि १९८० मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी सांगितलं की पैसे नाहीत म्हणून पालिकेला मूलभूत कर्तव्य टाळता येणार नाही. रतलाम काही मुंबई-दिल्ली नव्हे, तेव्हा आपल्यासारखंच नगरपालिकेचं गाव होतं. हे कलम आता नव्या संहितेत १५२ आहे. आपल्याकडे किती जणांनी वापरलं?

आपल्याकडे तक्रारीची खरी खिडकी म्हणजे नगरसेवक. चहाच्या टपरीवर गाठायचं, "दादा, तेवढं बघा" म्हणायचं. २०२२ पासून डिसेंबर २०२५च्या निवडणुकांपर्यंत प्रशासक राजवट होती, तेव्हा ती खिडकीही बंद. तोंडी तक्रारीची नोंद कुठेच राहत नाही, हे या काळात चांगलंच कळलं.

नोंद का हवी, ते बघा. काम झाल्यावर ठरावीक काळ दोषदायित्वाचा असतो. त्या मुदतीत ब्लॉक खचला तर ठेकेदाराने स्वखर्चाने बसवून द्यायचा असतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या गावात खालची खडी-कच नीट दाबली नसेल, तर पहिल्याच पावसाळ्यात सगळं उघडं पडतं. पण लेखी तक्रार नसली की मुदत गुपचूप संपते. मग नवं अंदाजपत्रक, नवी निविदा, पुन्हा आपलाच पैसा.

न्यायालयांनी मात्र बरंच अंतर कापलंय. २०१३ मध्ये न्या. गौतम पटेल यांच्या पत्रावरून मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांची स्वतःहून दखल घेतली. २०१८ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने चांगले रस्ते आणि पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. तेच ओक मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पुन्हा पदपथांवर बोलले. मग १३ ऑक्टोबर २०२५चा उच्च न्यायालयाचा आदेश आला. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमीला ५० हजार ते अडीच लाख. आणि खड्डा कळवला की ४८ तासांत दुरुस्ती.

४८ तास मोजायचे कुठून? आवक क्रमांकावरून. म्हणून फोटो, जागेची खूण, तारीख लिहून अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. रस्ता कुणाचा हे माहीत नसेल तर एक प्रत नगरपरिषदेला, एक महामंडळाला.

एक गंमत राहिलीच. नगरपरिषद हद्दीतली भरपाई ठरवणाऱ्या समितीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आहेत, आणि त्यांच्या शेजारी खुद्द मुख्याधिकारी.