शूल्य, भडित्रक आणि कबाब

पिंगुळी-कुडाळकडील एखाद्या घरांत तरुण मंडळींनीं मटणाचे तुकडे मसाल्यांत मुरवून सळईवर भाजावयास घेतले, कीं वडीलधाऱ्यांचा शेरा ठरलेला असतो : "हे कबाब बादशाही अमदानींतले, आपल्या चुलीवर सागोतीच शोभते." या शेऱ्यांत कांहीं खरें आहे व कांहीं खोटें. तें निवडून पाहिलें पाहिजे.

खरी गोष्ट शब्दाची. 'कबाब' हा शब्द अरबी-फारसींतून मराठींत आला. इ. स. १३४७ मध्यें दक्षिणेंत बहामनी राज्य स्थापन झालें, आणि फारसी दरबाराच्या सहवासानें असे शेंकडों शब्द मराठीच्या पदरांत पडले. परंतु शब्द नवा म्हणून वस्तुहि नवी, असें अनुमान बांधणें चुकीचें होय.

इसवी सनापूर्वीं होऊन गेलेल्या पाणिनीनें आपल्या व्याकरणांत दोन शब्द जोडीनें सिद्ध केले आहेत. शूलावर, म्हणजे सळईवर, भाजलेलें तें 'शूल्य'. आणि उखेंत, म्हणजे भांड्यांत, शिजविलेलें तें 'उख्य'. वडील मंडळींस जिचा अभिमान ती सागोती उख्याच्या कुळांतली, आणि सळईवरचे तुकडे शूल्याच्या. दोन्हीं भावंडें एकाच घरचीं. कालिदासाच्या शाकुंतलांतील विदूषक तर, राजाच्या मृगयेपायीं अवेळीं शूल्य मांस खावें लागतें म्हणून कुरकुरतो.

याहून जवळचा पुरावा महाराष्ट्राच्या सीमेलगत आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. तो सुमारें ११३० सालीं रचला गेला. ही कल्याणी म्हणजे आजचें बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात, अशी नोंद याच ग्रंथांत आहे. तेव्हां मराठी घर ग्रंथकारास अपरिचित नव्हतें. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं संपादिलेला त्याचा पहिला भाग १९२५ सालीं प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाच्या अन्नभोगांत 'भडित्रक' नांवाचा पदार्थ येतो. मांसाच्या तुकड्यांस छिद्रें पाडून त्यांत मसाला भरावयाचा, आणि ते शूलावर ओंवून भाजावयाचे. काळजाचे सुपारीएवढे तुकडे निखाऱ्यावर भाजून, दह्यांत किंवा मोहरीच्या पाण्यांत घालण्याची कृतिहि तेथें आहे. बहामनी राज्य त्या वेळीं दोन शतकें दूर होतें.

मात्र एवढ्यावरून गर्वानें फुगून जाण्याचें कारण नाहीं. सोमेश्वराच्या पाकशाळेंत मिरची नव्हती. ती मूळची अमेरिकेंतली. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतल्यानंतर त्यांच्या व्यापारांतून ती या किनाऱ्यास लागली. तत्पूर्वीं तिखटाचें काम मिरें, आलें व मोहरी यांच्याकडे होतें. मालवणी मसाल्याचा जो लाल रंग आज अस्सल देशी वाटतो, तो फारसी दरबाराच्याहि मागून आलेला पाहुणा आहे! त्याला ज्यांनीं घरचा केला, त्यांनीं कबाबास परका म्हणावें, हा न्याय नव्हे.

कृतीचें मर्म मात्र पूर्वीं होतें तेंच आहे. मांस मीठ आणि आंबट यांत आधीं मुरवावें लागतें. मीठ हळूहळू आंत शिरतें, आंबट वरचा थर मऊ करितें. कोंकणांत त्यासाठीं दह्याऐवजीं कोकमाचें आगळ चालतें. तें मुळांतच खारें, म्हणून मीठ बेतानें घालावें. फार वेळ आंबटांत राहिलेलें मांस भुसभुशीत होतें, हेंहि ध्यानांत ठेवावें. तुकडे सारखे कापावे, आणि ज्वाळ विझून निखाऱ्यांवर राख चढल्यावरच सळई धरावी. ज्वाळेवर मांस बाहेरून करपतें व आंत कच्चें राहतें.

राज्यें गेलीं, भाषा बदलल्या, मसाल्यांत नवे जिन्नस आले. सळई आणि निखारा यांचा संबंध तुटला नाहीं. तेव्हां सळईवरच्या तुकड्यांस सागोतीच्या पंक्तीस खुशाल बसूं द्यावें. तिचेंच तें जुनें भावंड, दुसरें नांव घेऊन घरीं परत आलेलें आहे.