आधी चाल, मग अर्थ : कागलच्या वर्गातली कविता

प्राथमिक शाळेतल्या पोरांना जुनं आख्यानकाव्य शिकवावं का? शब्द जड, वृत्त अनोळखी. मग आपण म्हणतो, राहू द्या, मोठेपणी वाचतील. पण इतिहास काय सांगतो ते बघूया.

आख्यान मुळात कानासाठीच होतं. श्रीधरांचा ‘पांडवप्रताप’ देवळात एकानं वाचायचा, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, आणि आईच्या मांडीवरचं पोरही ते ऐकायचं. आपल्या पन्हाळ्यावर १७२९ साली जन्मलेल्या मोरोपंतांच्या आर्याही कीर्तनातून लोकांपर्यंत गेल्या. १८५४ साली परशुरामतात्या गोडबोल्यांचं ‘नवनीत’ निघालं आणि जुन्या कवींचे वेचे छापील रूपात हाती आले. फायदा मोठा झाला. पण पुढे वर्गात काय झालं? कथेचा तुकडा उरला, चाल गळाली आणि शब्दार्थ पाठ करणं तेवढं राहिलं.

राजर्षी शाहू महाराज हे मूळचे कागलच्या घाटगे घराण्यातले. त्यांनी १९१७ साली करवीर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. कुणब्याच्या पोराला शाळेची वाट मोकळी झाली. पण वाट मोकळी झाली म्हणून प्रत्येक पोर शाळेत टिकतंच असं नाही. याच कागलात १९३५ साली जन्मलेल्या आनंद यादवांचं ‘झोंबी’ आपण वाचलं असेल. वडिलांनी शाळा सोडवून शेतात जुंपलेला हा मुलगा दत्ताजीराव देसायांच्या शब्दामुळे पुन्हा पाचवीत बसला. तरी अट होतीच : सकाळी शेतात पाणी पाजायचं आणि शाळा सुटल्यावर गुरं राखायची.

त्या वर्गात मराठीला सौंदलगेकर मास्तर होते. ते कविता आधी गाऊन दाखवायचे, मग हावभावासह तिचा अर्थ उलगडायचे. हा पोरगा पिकाला पाणी पाजताना त्याच चाली म्हणू लागला. पूर्वी एकटेपणा खायला उठायचा, आता एकांत हवासा वाटू लागला. मग कागद-पेन्सिल नसली की म्हशीच्या पाठीवर काडीनं ओळी लिहायच्या. मास्तरांनी त्याला वरच्या वर्गातल्या मुलांपुढे गायला उभं केलं. ज्याला घरी कामाचा गडी समजत होते, तो शाळेत कवितेचा जाणकार ठरला.

मास्तर शिकवत ती काही आख्यानं नव्हती, नव्या कवींच्या कविताही होत्या. पण रीत मात्र आख्यानाची होती : आधी सूर, मग गोष्ट, शेवटी शब्द. रघुनाथ पंडितांचं नलदमयंतीचं आख्यान याच रीतीनं शिकवून बघा. नळराजा हंसाला धरतो, आणि हंस घरच्या म्हाताऱ्या आईचा, बायकापोरांचा दाखला देऊन सुटका मागतो. गोठ्यात वासराचा हंबरडा ऐकलेल्या पोराला ही विनवणी समजायला शब्दकोश लागत नाही. एका पोराला हंस करा, दुसऱ्याला नळ करा. अडलेले शब्द पोरं आपणहून विचारतील.

आपण पोरांना कविता ‘झेपणार नाही’ म्हणतो, तेव्हा बहुधा आपल्याला ती गाता येत नसते. ही कबुली आपण शिक्षकांनी, पालकांनी आधी द्यावी, आणि उद्या वर्गात पुस्तक उघडण्याआधी तोंड उघडावं.