काँक्रीटची ताकद

काँक्रीटच्या बाबतीत ताकद म्हणजे मुख्यतः दाब सोसण्याची क्षमता. ताण सोसण्यात ते दुबळे असते. ताण सोसण्याची क्षमता दाबक्षमतेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाची. म्हणून तुळईत जिथे ताण येतो तिथे पोलादी सळ्या घालतात.

भारतात काँक्रीटची प्रतवारी एम २०, एम २५ अशी करतात. १५० मिमी. बाजूच्या घनाने २८ दिवसांनी दर चौ. मिमी.ला किती न्यूटन दाब सोसावा, ते हा आकडा सांगतो. साच्यातून काढलेला घन पाण्यात ठेवून मग यंत्रात चिरडतात. नीट फुटला तर चारी बाजूंचे ढलपे निघून मध्ये डमरूसारखा भाग उरतो.

सिमेंटच्या मानाने पाणी जितके कमी, तितकी ताकद जास्त, हे अमेरिकी संशोधक डफ एब्रम्स यांनी १९१८ मध्ये मांडले. मात्र मिश्रण नीट दाबून बसवता आले पाहिजे. माल सहज पसरावा म्हणून वरून पाणी ओतण्याची सवय बांधकामावर अजून सुटलेली नाही. जास्तीचे पाणी उडून गेले, की आत छिद्रे राहतात. ताकद आणि टिकाऊपणा यांची मात्र गल्लत करू नये : किनाऱ्यालगत खारी हवा छिद्रांतून शिरून सळ्या गंजवते, मग घनाचा निकाल कितीही चांगला असो.