मावळातले धनुष्य : वावळ, वेळू आणि कागदपत्रे

ओढ्याकाठचा वावळ मावळात कोणाला दाखवून द्यावा लागत नाही. पान चुरगाळले की उग्र वास येतो आणि उन्हाळ्यात कागदासारख्या पातळ चकत्या वाऱ्याबरोबर अंगणात येऊन पडतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात हे झाड एल्मच्या कुळातले. एल्म हे तर युरोपातले धनुष्याचे फार जुने लाकूड. डेन्मार्कमधल्या होल्मेगोरच्या दलदलीत १९४४ साली एल्मची धनुष्ये सापडली. ती सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत, बाहू रुंद आणि चपटे, मूठ अरुंद. बाराव्या शतकात वेल्समध्ये हिंडलेल्या गेराल्ड या धर्मगुरूनेही तिथली धनुष्ये एल्मची, दिसायला ओबडधोबड पण माऱ्याला जबर असल्याचे लिहून ठेवले आहे. मग मावळातल्या सोमाटणे गावाच्या परिसरातला शिकारी आपल्या वावळाचे धनुष्य करत असेल का?

हातात असलेला पुरावा पाहता, बहुधा नाही. लाकूड दलदलीत हवेवाचून टिकते. मावळातला पाऊस आणि वाळवी ते टिकू देत नाहीत. तेव्हा प्रत्यक्ष धनुष्याची वाट न पाहता लिहिलेल्यावरच भिस्त ठेवायला हवी.

सर्वांत जुने लिखाण दगडावरचे. सोमाटण्याजवळ घोरावडेश्वराच्या डोंगरात शेलारवाडीची लेणी आहेत. तिथल्या एका लेखात धेनुकाकट गावच्या शेतकरी कुटुंबातल्या बाईचे दान नोंदले आहे. त्याच धेनुकाकटचा सामि नावाचा सुतार कार्ल्याच्या लेखात भेटतो. लेण्याच्या दर्शनी दाराचे काम त्याचे. पुणे जिल्ह्यातच जुन्नरच्या लेखात ‘वसकार’ म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी येते, आणि तिच्याकडे ठेव ठेवून दरमहा ठरावीक रक्कम घेण्याची व्यवस्था दिसते. या लेखांत धनुष्याचा उल्लेख नाही, तो आहे असे कोणी म्हणूही नये. एवढेच कळते की या डोंगरपट्ट्यात लाकूड घडवणारा आणि वेळू फोडणारा हे दोन वेगळे कारागीर होते आणि वेळूवाल्यांची पत ठेव घेण्याइतकी होती.

धनुष्य कशाचे, हे कौटिल्य सांगतो. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात शस्त्रागाराची यादी आहे. तीत ताडाचे, बांबूचे, लाकडाचे आणि शिंगाचे अशी चार धनुष्ये येतात. प्रत्यंचेसाठी मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि स्नायू. मुंबई विद्यापीठाने १९६० पासून प्रसिद्ध केलेल्या र. पं. कंगले यांच्या संशोधित आवृत्तीत ही यादी सहज पाहता येते. अग्निपुराणातही प्रत्यंचेच्या द्रव्यांत वेळू आहेच. वेळूची दोरी म्हटले की आज कोणीही भुवया उंचावेल. पण ही पोथीतली कल्पना नव्हे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात भिल्लांच्या धनुष्याचे जे वर्णन आहे त्यात धनुष्य फोडलेल्या बांबूचे आणि दोरीही बांबूच्याच सालीची पातळ पट्टी. भाताही बांबूच्या विणीचा, त्यात सुमारे वारभर लांबीचे साठ बाण मावत. काहींना सुरीसारखे चपटे किंवा खिळ्यासारखे गोल लोखंडी टोक, तर पाखरे पाडायच्या बाणांना बोथट गोळा.

अर्थात भिल्ल सातपुड्याचे, खानदेशचे. मावळातल्या डोंगरात कातकरी, ठाकर, महादेव कोळी. एकाचे हत्यार दुसऱ्याच्या हाती देताना जपूनच द्यावे लागते. तरी मावळच्या बाजूचा एक पुरावा आहे. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात शिवाजी महाराजांच्या मावळे आणि कोकणातल्या हेटकरी पायदळाबद्दल लिहिले आहे की दर दहा माणसांत एकाजवळ बंदुकीऐवजी धनुष्यबाण असे. रात्रीच्या छाप्यात, जिथे बार उडवायचा नसे तिथे, तो कामी येई. डफ दीडशे वर्षांनंतर लिहीत होता, हे ध्यानात ठेवून हा आधार घ्यावा. पण तिरंदाज निवडायला डोंगरात माणसे होती, एवढे त्यातून निघते.

ते धनुष्य कसे होत असेल, हा आता तर्क. बांबू घ्यायचा तो भरीव मानवेल, पोकळ कळक नव्हे. जून झालेला वेळू अमावास्येच्या सुमारास तोडायची पद्धत आहे. भुंगा लागत नाही म्हणतात. तो सावलीत वाळवून कोयत्याने उभा फोडायचा. बांबूचे सारे बळ सालीलगतच्या दाट तंतूंत असते, म्हणून तासायचे ते आतल्या बाजूने. पेराची गाठ बाहेरून छाटली की कांब तिथेच चिरते. मूठ जाड ठेवून दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत सुरीने खरवडत जायचे. काम सगळे या खरवडण्यात. एक बाहू जरा कडक राहिला तर सारा ताण दुसऱ्यावर येतो आणि तो मोडतो. आणि दोरी वेळूची का, याचे उत्तर मला पावसात दिसते. स्नायूची तात ओलीने सैल पडते. शिंग आणि सरस यांनी जोडलेली घोडेस्वारांची कमानही चार महिन्यांच्या पावसात भरवशाची नाही. वेळूची साल मात्र पाण्याला सहज दाद देत नाही.

वावळाचे काय? इंग्रज वनअधिकाऱ्यांच्या लाकूडविषयक पुस्तकांत त्याची नोंद पिवळसर राखी, गाभा वेगळा न दिसणारे लाकूड म्हणून येते आणि उपयोग सांगितले जातात ते घरबांधणीचे, गाड्यांचे, कोरीव कामाचे. शिकाऱ्याला लाकडाचेच धनुष्य हवे असेल तर त्याचा हात धामणीच्या झाडाकडे गेला असता. तिच्या लवचीकपणामुळे कावडीचे दांडे तिचेच करत, आणि भावप्रकाशाच्या निघंटूत धन्वंग म्हणून जे झाड येते त्याला धनुर्वृक्ष हे नाव आहे. धामण ती तीच, असे बहुतेक जाणकार मानतात. एल्म म्हणून वावळ पुढे करणे हा युरोपचा आराखडा मावळावर बसवणे होईल.

या साऱ्या कागदांत एक गोष्ट खटकते. धनुष्य ज्यांच्या नजरेत आले ते बहुतेक अंमलदार होते. १८२५ साली आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली ती नऊ भिल्लांपासून, आणि भिल्लांवरचे बरेचसे तपशील अशा बंदोबस्ताच्या ओघातच लिहिले गेले. पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने ‘हत्यार’ या शब्दाच्या व्याख्येत बंदूक, तलवार, भाले यांच्या रांगेत धनुष्यबाणही घातले. ज्या वस्तूने ससा, पाखरू मिळायचे ती सरकारदप्तरी दरोड्याच्या सामानात जमा झाली. त्यामुळे बाणाचे टोक कसे होते ते लिहिले गेले, पण कांब कोणत्या महिन्यात तोडत, कोण शिकवी, हे कोणी विचारलेले दिसत नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकारही उरली नाही. बांबूचे धनुष्य आज देशातल्या ‘इंडियन राउंड’ या तिरंदाजी प्रकारात पाहायला मिळते, ५० आणि ३० मीटरवरच्या कागदी निशाणासमोर.