सहा टिंबांचा कळफलक

बऱ्हाणपुरात लिप्यांची वाण कधीच नव्हती. येथील जामा मशिदीत अरबी शिलालेखाच्या सोबतीने संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी घराण्यातील आदिलशाहाने ही मशीद बांधविली, तेव्हा दोन लिप्यांना एका छताखाली जागा देण्यात त्याला काही वावगे वाटले नाही. इतवारा, शनवारा, बुधवारा अशी वारांची नावे मिरविणाऱ्या येथील मोहल्ल्यांत आजही कोणी मराठी बोलते, कोणी हिंदी, कोणी उर्दू. ज्यांना डोळे आहेत त्यांच्यापुढे दोन लिप्या आहेत. एक डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे येते. परंतु याच शहरात जो मनुष्य बोटांनी वाचतो, त्याच्यापुढे ही दुविधा नाही. त्याच्या लेखी मराठीचा 'क', हिंदीचा 'क' आणि उर्दूचा 'काफ' ही एकच खूण आहे, आणि तिन्ही भाषा डावीकडूनच उजवीकडे चालतात. पाषाणावर जे शेजारी म्हणून नांदले, ते बोटाखाली एकरूप झाले आहे. ते कसे झाले, आणि त्या खुणा आज खिशातल्या दूरध्वनीपर्यंत कशा येऊन पोचल्या, ही हकिगत आज सांगावयाची आहे.

मुळाशी एक पंधरा वर्षांचा मुलगा आहे. लुई ब्रेल याचा जन्म १८०९ चा, पॅरिसजवळच्या कूव्रे या खेड्यातला. बापाच्या खोगिरे शिवण्याच्या दुकानात अरीसारखे हत्यार डोळ्यात जाऊन त्याची दृष्टी गेली. शार्ल बार्बिए नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने अंधारात वाचता यावी अशी बारा टिंबांची लिपी योजिली होती. तिचा एक दोष ब्रेलच्या ध्यानी आला, आणि तो डोळसांच्या ध्यानी येणे अवघडच होते : बारा टिंबे बोटाच्या एका पेरात मावत नाहीत. त्याने ती सहावर आणली. १८२४ च्या सुमारास ही लिपी सिद्ध झाली आणि १८२९ मध्ये ती ग्रंथरूपाने छापली गेली. तीन-तीन टिंबांच्या दोन उभ्या ओळी. डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन, उजवीकडे चार, पाच, सहा. यांतून रिकामे घर सोडून त्रेसष्ट खुणा निघतात.

लिपी मिळाली तरी लेखणीची अडचण राहिली. धातूच्या पाटीत जाड कागद अडकवून टोचणीने एकेक टिंब टोचावयाचे. टिंब उमटते ते कागदाच्या पाठीमागे. म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे, आणि अक्षरही आरशातल्यासारखे उलटे. लिहिले ते वाचावयाचे तर कागद काढून पालटावा लागे. आपण लिहीत असलेले वाक्य लिहिता लिहिता वाचता न येणे ही केवढी शिक्षा आहे, हे लेखनावर पोट भरणाऱ्यांनाच उमगेल. ही शिक्षा माफ केली ती अमेरिकेतील इलिनॉय प्रांताच्या अंधशाळेचे प्रमुख फ्रँक हॉल यांनी. १८९२ मध्ये त्यांनी जे यंत्र केले, त्यात अक्षरागणिक कळ नव्हती. टिंबागणिक कळ होती. सहाच कळा, आणि मध्ये दोन शब्दांतील अंतरासाठी एक. डाव्या हाताच्या तीन बोटांकडे एक, दोन, तीन. उजव्या हाताच्या तीन बोटांकडे चार, पाच, सहा. पेटीवर काही सूर एकदम दाबावेत तशा हव्या तेवढ्या कळा एकाच वेळी दाबावयाच्या, की पुरे अक्षर सुलटे उमटते. हॉल यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही. पुढल्या वर्षी शिकागोच्या प्रदर्शनात तेरा वर्षांची हेलन केलर त्यांना भेटली. आपण ज्या यंत्रावर लिहितो त्याचा कर्ता हाच, असे कळताच तिने त्यांना मिठी मारली.

आज जो लहानसा ब्रेल-कळफलक खिशात घालून हिंडता येतो, त्याच्या कळांची मांडणी हॉलचीच आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांत ती बदलावी असे कोणास वाटले नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. १८८७ मध्ये अमृतसरला अ‍ॅनी शार्प यांनी पहिली अंधशाळा काढली. १९०० च्या दुष्काळात मुंबईत अमेरिकन मिशनच्या मिस मिलार्ड यांनी जी शाळा सुरू केली, ती पुढे दादरची शाळा म्हणून नावारूपास आली. शाळा निघाल्या, पण प्रत्येक प्रांताने आपापली टिंबे ठरविली. इंग्रजी ब्रेलच्या आधाराने कोणी एक लिपी रचली, कोणी आपल्या वर्णमालेच्या क्रमाने दुसरी. परिणाम असा, की एका प्रांतात शिकलेल्या अंध मनुष्याला दुसऱ्या प्रांतात छापलेले पान वाचता येईना. डोळसांमधील लिपीभेद निदान शेकडो वर्षांच्या वापराने आलेले. हे भेद मात्र अर्ध्या शतकात, केवळ सदिच्छेच्या जोरावर निर्माण झाले होते! १९४१ पासून सरकारी समिती एका लिपीच्या खटपटीस लागली. तिच्या मसुद्यावर मतभेद झाले, आणि १९४९ मध्ये भारत सरकारने युनेस्कोला पत्र लिहून विचारले, की सर्व जगासाठीच काही मेळ घालता येईल काय? गॅलिपोलीच्या लढाईत डोळे गमावलेले न्यूझीलंडचे सर क्लूथा मॅकेंझी यांच्याकडे हे काम आले. ते डेहराडूनला अंध सैनिकांच्या संस्थेवर राहून गेलेले, म्हणजे आपल्याकडील घोटाळा जाणून होते. १९५० मध्ये पॅरिसला आणि १९५१ मध्ये बैरूतला परिषदा भरल्या. स्वतः दृष्टिहीन असलेले लाल अडवाणी आपल्या शिक्षण-मंत्रालयात या विषयाचे जाणकार होते. १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' मान्य झाली.

तिचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते : ज्या ध्वनीला लुई ब्रेलने जी खूण दिली, तीच त्या ध्वनीला शक्यतो द्यावी, मग भाषा कोणतीही असो. म्हणून आपला 'क' टिंबे एक-तीन, म्हणजे रोमन 'के'. 'म', 'ल', 'प' यांचेही तसेच. काना-वेलांट्या वर-खाली-मागे लटकत नाहीत; स्वर आपल्या उच्चाराच्या जागी, व्यंजनानंतर, स्वतंत्र घरात बसतो. छापील देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि उच्चार नंतर, अशी जी गंमत आहे ती येथे नाही. अर्ध्या व्यंजनापूर्वी मात्र हलन्ताचे चौथे टिंब येते. आपली ताप्ती अशी लिहितात : 'त' साठी दोन-तीन-चार-पाच, 'आ' साठी तीन-चार-पाच, मग हलन्ताचे एकटे चार, 'प' साठी एक-दोन-तीन-चार, पुन्हा 'त', आणि 'ई' साठी तीन-पाच. सहा घरांत नदी मावली. मराठीचा लाडका 'ळ' देखील विसरला गेला नाही; त्याला चार-पाच-सहा ही उजवीकडची संपूर्ण ओळ मिळाली.

त्याच १९५१ साली, योगायोगाने म्हणा, डेव्हिड अब्राहम यांनी सिद्ध केलेले पर्किन्स ब्रेलर हे यंत्र अमेरिकेत तयार होऊन बाहेर पडू लागले. कळा त्याच सहा; यंत्र मात्र इतके दणकट, की आजही जगभरच्या अंधशाळांतून ते चालू आहे. १९५२ मध्ये मुंबईस राष्ट्रीय अंध संघटना, म्हणजे नॅब, स्थापन झाली. १९५५ मध्ये हेलन केलर भारतात येऊन गेल्या. पर्किन्स यंत्राचे वजन पाच किलोच्या आसपास. शाळेच्या बाकावर ते ठीक. बाजारात नेण्यासारखे नव्हे. १९८७ मध्ये अमेरिकेतील डीन ब्लेझी यांनी 'ब्रेल अँड स्पीक' हे हातात मावणारे यंत्र केले. सहा कळा आणि अंतराची एक, अशा सात कळांवर लिहावे, ते यंत्राने साठवावे आणि बोलून दाखवावे. कागदाची गरज तेथे संपली.

एवीतेवी २००९ साल उजाडले आणि काचेच्या सपाट पाटीचे दूरध्वनी आपले पडदे वाचून दाखवू लागले. अ‍ॅपलची 'व्हॉइसओव्हर' आणि अँड्रॉइडची 'टॉकबॅक' ही वाचक-साधने त्याच वर्षीची. ज्या काचेवर बोटाला एकही उंचवटा लागत नाही, ती अंधांच्या काय कामाची, ही शंका रास्त होती. आणि बोलक्या पडद्याने तिचे निरसन बऱ्याच अंशी केले. पण सर्वस्वी नव्हे. २०१० पासून आयफोनला बिनतारी ब्रेल-साधने जोडता येऊ लागली. आता नेदरलँड्समध्ये तयार होणारा 'हेबल वन' हा आठ कळांचा चिमुकला कळफलक, किंवा मुंबईच्या इनोव्हिजन या संस्थेचे 'ब्रेल-मी' यांसारखी साधने ब्लूटूथच्या साह्याने फोनशी जोडावीत आणि फोन खिशातच राहू द्यावा. 'ब्रेल-मी'वर सहा कळांच्या जोडीला वीस घरांची एक ओळही असते. तिच्यातील टिंबे वर येतात, खाली जातात आणि नवे वाक्य बोटाखाली उभे राहते. अशी ओळ पूर्वी विद्युत्-दाबाने वाकणाऱ्या स्फटिक-पट्ट्यांवर चाले. प्रत्येक घराला अशा पट्ट्यांचा संच लागे, आणि त्यामुळे किंमत लाखांच्या घरात जाई. मुंबईच्या यंत्रात चुंबकाची योजना करून ती खाली आणली आहे.

फोन चालवावयाचा कसा, तेही सांगितले पाहिजे, कारण त्यात मौज आहे. अंतराची कळ दाबून धरून जोडीला एखादे अक्षर दाबले, की ते अक्षर न उमटता आज्ञा होते. व्हॉइसओव्हरमध्ये अंतर आणि टिंब एक म्हणजे मागील गोष्ट, अंतर आणि टिंब चार म्हणजे पुढील. अंतर आणि एक-दोन-पाच, म्हणजे 'ह', दाबले की मुखपृष्ठ. कारण इंग्रजीत त्याला 'होम' म्हणतात. अंतर आणि 'म' दाबला की वाणी बंद. योजणाऱ्यांच्या मनात इंग्रजी 'म्यूट' असणार. पण मराठी मनुष्याने ते 'मौन' म्हणून लक्षात ठेवावयास कोणाची हरकत आहे? अंतर आणि 'ल' यांनी पडद्याच्या आरंभी जाता येते, अंतर आणि 'ळ' यांनी शेवटी. आणि सहाही टिंबे एकदम दाबली, की पडदा काळा होतो. फोन चालू, पण शेजाऱ्याला काही दिसत नाही. सहाही टिंबांचे अक्षर भारती ब्रेलमध्ये 'ढ' आहे. आकाश झाकणारा ढग तोच, असे आमच्याकडील विद्यार्थ्याला सांगितले तर तो ही आज्ञा जन्मात विसरणार नाही.

मौन आणि पडदा या दोन आज्ञांतच या साधनाचे खरे मोल आहे, असे मला वाटते. बोलका फोन वापरणारा मनुष्य आपले पत्र, आपली बँकेतील शिल्लक, आपल्या पत्नीचा निरोप हे सारे चारचौघांत ऐकतो, नाहीतर कान झाकून घेऊन भोवतालच्या जगाला बहिरा होतो. आणि ज्याला रस्ता कानांनी ओलांडावयाचा आहे, त्याने कान झाकणे म्हणजे काय हे सांगावयास नको. बोलून लिहावे तरी तेच : गुप्त अंक मोठ्याने उच्चारावा लागतो. आमच्या शहरात यंत्रमागांच्या वस्तीत तर खटखटीपुढे फोनचे बोलणे कानी पडणेच कठीण. तेथे बोटे आपले काम बिनबोभाट करतात. ज्यांना दृष्टी नाही आणि श्रवणही नाही, त्यांच्यासाठी तर दुसरा मार्गच नाही. मुंबईत बेरोज वाच्छा यांनी १९७७ मध्ये हेलन केलर यांच्या नावाने अशा मुलांची संस्था काढली. त्या मुलांच्या जगात बोलका फोन मुकाच आहे. टिंबांची हलती ओळ हाच त्याचा आवाज.

काही शहाणे म्हणतात, आता फोन बोलतो, तेव्हा ब्रेल शिकविण्याचा खटाटोप कशाला? त्यांना एवढेच विचारावे, की 'पाणि' म्हणजे हात आणि 'पाणी' म्हणजे जल, यांतला भेद कानाला कसा कळावा? बोटाला तो तत्काळ कळतो. ऱ्हस्व 'इ' दोन-चार, दीर्घ 'ई' तीन-पाच. केवळ ऐकून वाढलेल्या मुलाला भाषा येते, शुद्धलेखन येत नाही. आणि शुद्धलेखन न येणाऱ्या अर्जदाराकडे आपल्या कचेऱ्या कशा पाहतात हे श्रोत्यांना ठाऊक आहे. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, ते ही भूक जाणूनच. दुसरी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. मधुमेहाने उतारवयात ज्यांची दृष्टी जाते, त्यांच्या बोटांची संवेदनाही पुष्कळदा मंदावते, आणि बारीक टिंबे त्यांना वाचता येत नाहीत. पण कळ दाबण्यास बारीक स्पर्श लागत नाही. असा वृद्ध मनुष्य ब्रेल वाचणार नाही, तरी लिहू शकेल, आणि उत्तर कानाने ऐकेल.

कळांवरची टिंबे आणि फोनमधील देवनागरी यांच्यामध्ये एक दुभाष्या बसलेला असतो. २००२ मध्ये सुरू झालेली, लुई ब्रेलचेच नाव धारण करणारी 'लिबलुई' ही सर्वांना मुक्त असलेली संगणक-प्रणाली यांपैकी प्रमुख. तिच्यात मराठीचे कोष्टकही आहे. या दुभाष्याचे काम दिसते तितके सोपे नाही. भारती ब्रेलमध्ये तीन-चार-पाच-सहा ही खूण 'ण'ची आहे आणि तीच पुढे अंक येत असल्याचीही आहे. अंक पुन्हा 'अ', 'ब' या अक्षरांच्याच खुणांनी लिहावयाचे. वाचणारा मनुष्य संदर्भाने जाणतो, यंत्राला नियम हवा. शब्दाच्या पोटात ती खूण आली तर 'ण', आरंभी आली तर अंक, असे साधारणतः धरता येते, कारण 'ण'ने आरंभ होणारे शब्द मराठीत जवळजवळ नाहीतच. जैनांचा णमोकार मंत्र तेवढा आठवतो. पण तेथे 'ण'च्या पाठोपाठ 'म' येतो आणि 'म'ची खूण कोणत्याही अंकाची नाही. तेव्हा तो मंत्र यंत्रालाही बिनचूक वाचता यावा.